६० नंबरचा पेपर कुठे गेला?

लाकूड खराब आहे म्हणतोस? पुन्हा म्हण. या वेळी माझ्याकडे बघून म्हण.

रविवारी सकाळी फोन केलास. "सर, एकदा येऊन बघा. माडी काही चमकत नाही. लाकडातच दम नाही." आलो. नाशिकरोडहून रिक्षा करून एकलहऱ्याला आलो, या गुडघ्यांनी तुझा तो खडा जिना चढलो आणि डोळ्यांनी बघितलं. सूनबाईंनी चहा केला होता, पोर समोर खेळत होतं, म्हणून तोंड आवळून बसलो. पाहुण्यासारखा वागलो. आता घरी आलोय आणि मास्तरासारखा लिहितोय. मधेमधे "पण सर" म्हणू नकोस. तुझे सगळे "पण" मला आयटीआयपासून पाठ आहेत.

लाकडात दम नाही! ज्या सागवानी तक्त्यांवर तुझ्या आजोबांनी वर्षानुवर्षं गव्हाची पोती रचली, ज्यांच्यावर तुझ्या बापाच्या लग्नाची पंगत बसली, त्यांच्यात दम नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राचे पहिले संच १९७०-७१ साली सुरू झाले. तुझी माडी त्याच्याही आधीची. ते पहिले दोन संच म्हातारे होऊन बंदसुद्धा पडले, माडी उभी आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागाची एक युद्धनौका बांधली, ट्रिंकोमाली नावाची. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. एवढ्या लांब कशाला, चांदवडला रंगमहालात जा आणि एखाद्या खांबावरून हात फिरवून ये. होळकरांच्या काळचं लाकूड आहे ते. साग असा शे-दोनशे वर्षं काढतो, आणि तुझ्या माडीवर आठ दिवसांत त्याचा दम जातो? दम कोणाचा गेला, लाकडाचा की तुझा?

मी वाकून बॅटरी जमिनीला टेकवली आणि आडवा उजेड मारला, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उभ्याने बघताना सगळं बरं दिसत होतं ना? आडव्या उजेडात काय दिसलं? चंद्रकोरी. शेकड्याने. जणू रात्रभर कोणी नखांनी ओरबाडलंय. मग आपलं बोलणं काय झालं, ते तू विसरला असशील. मी विसरलेलो नाही.

"कितीच्या पेपरने सुरुवात केलीस?"

"चाळीस."

"मग?"

"मग एकशेवीस."

"साठ?"

तू गप्प.

"ऐंशी?"

तू जिन्याकडे बघायला लागलास. आणि मग हळूच, "दुकानात नव्हता सर."

नाशिकरोडला हार्डवेअरच्या दुकानात ६० नंबरचा पॉलिश पेपर नव्हता! अरे, मिठाच्या दुकानात मीठ नव्हतं म्हण. एका दुकानात नसेल तर दुसऱ्या दुकानात जायचं असतं. गेला नाहीस. का, ते मी सांगतो. ४० ने घासून घासून तुझे हात भरून आले होते. १२० चा पेपर घरात पडलेला होता. तू मनाशी म्हणालास, जरा जास्त वेळ घासू, सगळं एकच. हे तू स्वतःला सांगितलंस. मला सांगायची हिंमत झाली नसती.

बाकी कोणी असता तर मी सोडून दिलं असतं. एखाद्या कारकुनाला नंबरातलं काय कळणार? पण तू फिटर आहेस. माझ्या हाताखालचा फिटर आहेस. आयटीआयमध्ये पहिले कित्येक आठवडे मी तुला काय करायला लावलं? लोखंडाचा ठोकळा आणि फाइल. हाताला फोड आले, रडकुंडीला आलास, घरी जाऊन आईला "मास्तर नुसतं घासायला लावतो" म्हणून सांगितलंस. आधी बास्टर्ड, मग सेकंड कट, मग स्मूथ. एकदा एका पोराने सेकंड कट गाळून थेट स्मूथ फाइल मारली होती. मी त्याचा ठोकळा गुण्याला लावून उजेडासमोर धरला आणि सगळ्या शेडला दाखवला. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं होतं? आठवतंय? मला आठवतंय.

मग तुझ्याच भाषेत बोलू. ४० नंबरच्या पेपरवरचा खडा साधारण ०.४२ मिलिमीटरचा. ६० चा ०.२७. ८० चा ०.२०. १२० चा साधारण ०.१२. प्रत्येक पेपरचं काम एकच असतं, आधीच्या पेपरने पाडलेले ओरखडे घालवून त्याजागी स्वतःचे बारीक ओरखडे ठेवायचे. ६० हा ४० चे ओरखडे पुसतो, ८० हा ६० चे, १२० हा ८० चे. तू ४० च्या चरांवर थेट १२० फिरवलास. त्याने काय केलं? चरांचे काठ तेवढे गुळगुळीत केले. चर जिथल्या तिथे. हाताला मऊ लागलं, तू खूश. आणि हे कमी पडलं म्हणून वर ३२० मारलास! कशासाठी? उघड्या जमिनीला १२० च्या पुढे जायची गरजच नसते. फार गुळगुळीत केलं तर पॉलिशला धरायला जागा राहत नाही. म्हणजे जिथे घासायला हवं होतं तिथे अंग चोरलंस, आणि नको तिथे उत्साह दाखवलास. तोंड न धुता पावडर लावणारे असतात ना, त्यातला प्रकार.

हिशेब कर. अठरा बाय बारा. २१६ चौरस फूट. छोट्या ऑर्बिटल मशीनने एका नंबरला फार तर अर्धा दिवस. दोन नंबर गाळून एक दिवस वाचवलास. आता सगळं पहिल्यापासून करायचं आहे. वाचवलेला तो दिवस कुठे ठेवलायस? आण, बघू दे.

आणि मशीन तरी ऑर्बिटल होतं का? नव्हतं. तू ग्राइंडर लावलास. लोखंड कापायचा चार इंची ग्राइंडर, मिनिटाला अकरा हजार फेरे, आणि त्याला घासायची चकती. सागावर! चकती जराशी कलली की कोर लाकडात उतरते आणि चंद्रकोर कोरून वर येते. एक क्षण थांबलास की तिथे वाटी. मी पट्टी लावून बघितलं, खिडकीपाशी दोन मिलिमीटरचा खड्डा आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लोक नुसती बोलतात. तू आधी अंगण वाकडं केलंस आणि मग नाचायला गेलास. ते तक्ते मुळात इंचभर जाडीचे. आयुष्यात किती वेळा घासायचं याचा त्यांचाही हिशेब असतो. तुझ्या नातवाच्या वाट्याचं लाकूड तू एका दुपारी भुसा करून उडवलंस.

यावर तू काय म्हणालास? "सगळे सुतार हल्ली ग्राइंडरच लावतात." सगळे! तू कधीपासून "सगळे" झालास? ज्याचा हात बसलाय तो सुतार ग्राइंडर कुठे टेकवायचा आणि कधी उचलायचा हे जाणतो, आणि तोही जमिनीवर मोकळा सोडत नाही. तुझा हात बसलाय का? मग?

खिळ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे बोलण्यासारखं काही ठेवलेलंच नाहीस. घासण्याआधी प्रत्येक खिळा पंचने दोन-तीन मिलिमीटर आत बसवायचा. एकही बसवलेला नाही. चार चकत्या फाटल्या त्या कशाने, हे तू मला विचारतोस!

आता फटी. तक्त्यांमधल्या फटी तू फेविकॉल आणि भुसा कालवून गच्च भरल्यास. कधी? चैत्रात. नाशकाच्या चैत्रात, दुपारी ओठ फुटतात त्या दिवसांत. तेव्हा लाकूड सुकून आकसलेलं असतं, फटी वर्षातल्या सगळ्यांत रुंद असतात. आणि आषाढात? तक्ता पाणी पिऊन आडवा फुगणार, फट मिटू बघणार, आणि मधे तुझा तो दगडासारखा फेविकॉल बसलेला. कोण हटणार? एक तर भरलेलं सगळं चुरा होऊन वर येईल, नाही तर तक्ता उचलला जाईल. तू वीज केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला आहेस. वाफेच्या पाइपला मधेच वळसा का देतात, हे नव्या पोरांना तूच समजावून सांगतोस. तापल्यावर पाइप वाढतो, त्याला वाढायला जागा लागते. लोखंडाला जागा लागते आणि लाकडाला नको? बारीक फटी तशाच सोडायच्या असतात. फार रुंद असेल तिथे सुतळी पिळून दाबायची, ती तक्त्याबरोबर दबते आणि सैलावते. जुने लोक यापेक्षा जास्त काही करत नसत, आणि ते आळशी होते म्हणून नव्हे.

इथपर्यंतचं सगळं लाकडाचं नुकसान आहे. ते सोसता येतं. पुढचं वाचताना खुर्चीवर नीट बस.

भिंतीच्या कडेने वीतभर रुंद तांबडा ऑइलपेंटचा पट्टा होता. तुझ्या वडिलांनी लावलेला, तू शाळेत असताना. तोही तू ग्राइंडरने उडवलास. कोरडा. खिडक्या बंद करून, का तर शेजारी ओरडतात. जुन्या ऑइलपेंटात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुझ्या वडिलांचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसं होतंच असं मी छातीठोक म्हणत नाही. नव्हतं असं तू म्हणू शकतोस? तपासलंस? विचार तरी मनात आला का? घरात चार वर्षांचं पोर आहे. ते जमिनीवर खेळतं, लोळतं, बोटं तोंडात घालतं. लहान पोराच्या मेंदूला शिसं काय करतं हे तुला मी सांगायला नको. असा पट्टा ओला करून खरवडायचा असतो, खाली प्लास्टिक अंथरून, पोराला आजोळी पाठवून. मग ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं. रविवारी मी पोराच्या चड्डीवर ती तांबूस धूळ बघितली. तू बघितली नव्हतीस? का बघूनही नव्हती बघितलीस?

आणि तू स्वतः? अंगात बनियन, तोंडाला रुमाल. कामावर हेल्मेट, बूट, गॉगल यांशिवाय आत पाऊल टाकत नाहीस. नव्या अप्रेंटिसने मास्क काढला तर त्याला झापतोस, हे मला तुझ्याच बरोबरच्या एकाने कौतुकाने सांगितलं. मग गेटबाहेर आल्यावर तुझी फुप्फुसं बदलतात का? लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच कर्करोग करणाऱ्या पदार्थांत बसवलंय. नाकाचा आणि सायनसचा कर्करोग. सागाच्या धुळीने कातडीही उठते. तुझ्या मानेवरचे ते लाल चट्टे घामोळं आहे म्हणालास. असेल. मास्क किती रुपयांना मिळतो रे? आणि मोबाइलचं नवं कव्हर कितीला घेतलंस?

आता तेल. घासून झालं त्या संध्याकाळी तू बेल तेल लावलंस, कारण आजोबा लावायचे. चांगलं केलंस, आजोबांची आठवण ठेवलीस. पण आजोबा तेल लावून काय करायचे? पातळ हात द्यायचे, अर्ध्या तासाने जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्यायचे आणि आठवडाभर माडीवर कोणाला चढू द्यायचे नाहीत. तू ओतलंस. पुसलं नाहीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर पीयू पॉलिशचा हात मारलास! ओल्या तेलावर पीयू कसा धरेल? सागाच्या पोटात त्याचं स्वतःचं तेल असतंच. तेवढ्यानेसुद्धा पॉलिश सुकायला कुरकुर करतं, म्हणून पीयू लावायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतात. तू पुसायचं सोडून आणखी तेल पाजलंस. आता चिकचिक आहे. माझ्या तळव्याला लागली. तुझ्या मांजराची पावलं उमटलीयेत, दारापासून खिडकीपर्यंत. अख्ख्या माडीवर मन लावून काढलेलं काम तेवढं एक दिसलं.

पीयूचा डबा उघडलास तेव्हा खाली स्वयंपाकघरात काय चालू होतं? भाकऱ्या. मी सूनबाईंना विचारलं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते. तुझ्या माडीला फटी आहेत, आणि फटीखाली पेटलेला गॅस. तुमच्याकडे वेल्डिंगची साधी ठिणगी पाडायची तर परमिट लागतं, दोन सह्या लागतात, पाण्याची नळी जवळ ठेवावी लागते. परमिट हा कागद नसतो रे. कोणीतरी थांबून विचार केला याची ती खूण असते. घरी कागद मागणारा कोणी नाही, म्हणून विचारही केला नाहीस.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे त्या चिंध्या. तेल पुसलेल्या (जे काही थोडं पुसलंस त्या) चिंध्यांचा बोळा करून तू कणगीमागे कोपऱ्यात कोंबला होतास. मी हात घातला. गरम लागला. तू म्हणालास, "उन्हाने असेल." कोपऱ्यात ऊन येत नाही. मी काही बोललो नाही, बोळा उचलला, खाली नेला आणि एकेक चिंधी सुटी करून कुंपणावर पसरली. तुला वाटलं म्हातारा आवराआवर करतोय.

कोळशाच्या यार्डात ढिगावर डोझर फिरवून तो दाबतात. का? पाणी का मारतात? कोळसा हवेतला ऑक्सिजन घेतो, आतल्या आत तापतो, ऊब बाहेर पडायला वाट नसली की पेटतो. काडी लावावी लागत नाही. हे तुला झोपेत विचारलं तरी सांगशील. तुझं बेल तेल म्हणजे जवसाचंच तेल. ते वाळतं म्हणजे दुसरं काय करतं? तेच करतं. ऑक्सिजन घेतं आणि ऊब टाकतं. सुटी पसरलेली चिंधी ती ऊब हवेला देऊन मोकळी होते. बोळा केला की ऊब आत साठते. काही तासांत धूर, आणि कधी ज्वाळा. रात्री दोन वाजता. सागवानी माडी, खाली निजलेलं कुटुंब. आठ तास तू असल्याच आगीच्या शेजारी काम करून पगार घेतोस, आणि घरी तीच आग फडक्यात गुंडाळून कणगीमागे ठेवतोस. अडाणी माणसाने केलं असतं तर मी त्याला प्रेमाने समजावलं असतं. तुला कसं समजावू? तुला सगळं माहीत आहे!

तुझी खरी कारणं मी ओळखतो. "आखाजीच्या आत करायचं होतं सर, बहिणी माहेरी येणार होत्या." बहिणी काय तुझी माडी बघायला येतात? त्या झोक्यासाठी येतात, आईच्या हातच्या पुरणपोळीसाठी येतात. आखाजी कोणत्या दिवशी आहे हे तुला पाडव्याला पंचांग आणलंस तेव्हाच कळलं होतं. महिना हातात होता. त्यातल्या किती संध्याकाळी क्रिकेटला दिल्यास? मोजू नकोस, मला माहीत आहे, कारण पोराने सांगितलं. "पप्पा मॅच बघतात, मग घासतात." मॅच संपल्यावर रात्री अकराला, पिवळ्या बल्बच्या उजेडात, डोळे चोळत. त्या उजेडात ओरखडा दिसत नाही. म्हणून तर बरं वाटत होतं.

"मिस्त्री मिळत नाही." मिळत नाही की त्याचा भाव ऐकून परत आलास? जमिनीचं घासकाम जाणणारा माणूस कमी आहे, कबूल. मग स्वतः करायचं ठरवलंस, तेही उत्तम. मग त्याच्याइतकं तरी कर. त्याचे पैसेही वाचवायचे आणि त्याचे कष्टही वाचवायचे, हे कसं जमणार?

"कोण बघणार आहे सर, वर चटई टाकणार." हे तू जिन्यात पुटपुटलास. मला ऐकू कमी येतं असं तुला वाटतं. चटई टाकणार होतास तर घासलंस कशाला? आणि कोणी बघणार नव्हतं तर तो फोटो कशाला? हो, फोटोचंही कळलं मला. पीयू ओला असताना, सकाळच्या उन्हात, कोपऱ्यातून काढलेला. "स्वतःच्या हाताने आजोबांची माडी नवी केली." स्टेटसला. ऐंशी जणांनी अंगठे दिले. ओलं लाकूड सुंदरच दिसतं, बाबा. फुटका पाटसुद्धा ओला केला की राजाच्या घरचा दिसतो. ओलं असताना तू फोटो काढलास. जाणता माणूस त्याच वेळी गुडघ्यावर बसून ओरखडे शोधतो, कारण ओल्यात ते ठळक उठतात. तुला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. तू कॅमेरा कुठे वळवायचा ते ठरवलंस.

माझा राग ओरखड्यांवर नाही. तुझा हात मला माहीत आहे. आयटीआयच्या शेवटच्या परीक्षेत तुझा जॉब मी उजेडासमोर धरला होता आणि गुण्याखालून किरणसुद्धा आला नव्हता. असा ठोकळा मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या वेळा बघितला. तो मी घरी आणलाय, टेबलावर कागदांवर ठेवतो. आत्ता हे लिहिताना तोच समोर आहे. त्या हाताने ही माडी केली? मला पटत नाही. हाताने केलेली नाहीच ती. हात उरला कामावर, घरी आला तो नुसता कंटाळा.

शेजारचा तो फ्लॅटवाला आला होता ना, त्याच्या "वुडन फ्लोअरिंग"ला घासून दे म्हणायला? त्याला तू हो म्हणालास! अरे, ते लॅमिनेट आहे. वर लाकडाचा छापील कागद, त्यावर पारदर्शक थर. एकदा पेपर फिरवला की छाप गेला, खालचा दाबलेला भुसा बाहेर. त्याला आज संध्याकाळीच नाही म्हणून कळव. आपलं घर निस्तरलं नाही आणि निघाला गाव सावरायला.

आता काय करायचं ते सांगतो, आणि एकदाच सांगतो. चिकट पीयू आधी खरवडून काढ. पटाशीने नव्हे, रंध्याच्या पात्याने, रेषेच्या दिशेने. दोन-तीन आठवडे माडी उघडी ठेव, खिडक्या उघड्या, तेल वाळू दे. मांजर बाहेर, पोर खाली. कडेचा उरलेला तांबडा पट्टा ओला करून काढ. फटींतला फेविकॉल उकर. खिळे बसव, सगळे, दाराआडचेसुद्धा. मग ऑर्बिटल मशीन आण, भाड्याने नाही मिळालं तर माझं घेऊन जा, पण परत करताना त्याची धुळीची पिशवी झाडून दे. ६०, ८०, १२०. दर नंबरानंतर झाडू, मग व्हॅक्यूम, मग ओलसर फडकं. नाही तर ६० चा एखादा सुटा खडा ८० च्या चकतीखाली सापडतो आणि तुझ्या घामावर रेघ ओढतो. एकलहऱ्यात राहतोस, बारीक धूळ कुठे कुठे शिरते हे तुला सांगायला नको. कोपऱ्यांत मशीन पोचत नाही, तिथे हाताने, ठोकळ्याला पेपर गुंडाळून. हो, त्याच तीन नंबरांनी. खिडकीपाशी तो खड्डा आहे, तो पूर्ण जाणार नाही. राहू दे. रोज दिसू दे.

पीयूचे तीन पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर २२० ने हलकेच घासायचं, पुसायचं, मग पुढचा. त्या दिवसांत खाली गॅस बंद, देवघरातलं निरांजनही बंद, जेवण भावाकडे. शेवटच्या हातानंतर दोन आठवडे चटई, सतरंजी, पोती काही नको.

आणि मृग लागेपर्यंत हे उरकलं नाही, हवेत दमटपणा आला, तर तिथेच थांबायचं. उघडं लाकूड चादर टाकून झाकायचं आणि दसऱ्यानंतर पुढे सुरू करायचं. "एवढं आलंय तर उरकून टाकू सर," असं मला फोनवर ऐकू आलं तर मी फोन ठेवीन.

शनिवारी सकाळी सातला येतो. ६० नंबरचे वापरलेले पेपर फेकू नकोस, मला मोजायचे आहेत. बॅटरी मी माझी आणतो.